अढीतले निम्मे आंबे दरवर्षी नासतात: दोष नेमका शोधायचा कुठे?

आमच्या परड्यात सात आंबे आहेत. हापूसची चार कलमं आणि एक पायरी आजोबांनी लावलेली. दोन रायवळ, म्हणजे कलम न केलेले गावठी आंबे, त्यांच्याही आधीचे. ते कुणी लावले हे सांगणारं माणूस आता उरलेलं नाही. घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीपासून थोडं वर, कातळाच्या कडेला. सातबाऱ्यावर अकरा नावं. मे महिन्यात ही अकरा नावं पोराबाळांसकट चार दिवसांसाठी उतरतात, झाडं उतरवली जातात, माजघरात अढी लागते, म्हणजे आंबे पिकायला पेंढ्यात रचून ठेवले जातात, आणि आठव्या-नवव्या दिवशी घरात मागे राहिलेल्या काकूचा फोन येतो: "अढीतनं वास यायला लागलाय रे."

हे दरवर्षी. जवळजवळ निम्मा आंबा खड्ड्यात. सातबाऱ्यावरच्या अकरा नावांपैकी प्रत्येकाचा चांगल्या आंब्यावर हक्क, नासका मात्र कुणाचाच नाही. तो बिचारी काकू पाट्या भरभरून एकटी टाकून येते.

तुमच्याकडेही आजोबा-पणजोबांच्या हातची झाडं असतील, फळ भरपूर धरत असेल आणि तरी ताटात येईपर्यंत ते उरत नसेल, तर आम्हाला जे समजायला सात-आठ मे महिने लागले ते इथे मांडतो. धंद्याने बागायतदार असलेल्यांना यात नवीन काही नाही. हे आमच्यासारख्या चाकरमान्यांसाठी आहे, ज्यांची आणि झाडाची भेट वर्षातून एकदा होते.

आम्ही काय काय बदललं

सगळ्यात आधी खोली बदलली. माजघरात कोंदट होतं म्हणून अढी पडवीत आणली. तिथे उंदरांनी आणि घुशींनी हात धुऊन घेतले, आंबा नासायचा तो नासलाच. मग पेंढा बदलला. मग अढी उघडीच ठेवली. एका वर्षी टेबलफॅन लावला, त्याने आंबे सुरकुतले.

एका वर्षी काकाने बाजारातून पांढरी पुडी आणली. तिसऱ्या दिवशी आंबा पिवळाधमक आणि आत दाताला आंबट. ती पुडी कॅल्शियम कार्बाइडची. फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. शिवाय ते फक्त साल रंगवतं. ज्या आंब्याला आत गोडी यायचीच नाही त्याला पुडी काय गोडी देणार? पुन्हा कुणी आणली नाही.

या सगळ्यात आमची एकच चूक होती: अढीत नासलं म्हणजे अढीचा दोष, हे आम्ही धरून चाललो होतो. शेजारच्या वाडीतले एक म्हातारे बागायतदार एकदा खळ्यात येऊन बसले. काकू नासक्या आंब्यांची पाटी घेऊन निघाली होती. ते म्हणाले, "टाकताय कशाला? कापून बघा कुठनं नासलाय. अढीत आंबा नासत नाय, नासायचा तो झाडावरनंच येतो."

म्हणून पहिलं काम: विळी घेऊन बसा

नासके आंबे टाकू नका. खळ्यात जुनी वर्तमानपत्रं पसरा, एकेक आंबा उभा कापा आणि ढीग लावा. घाण काम आहे, हाताला वास राहतो, माश्या येतात. पण तासाभरात जे कळतं ते पाच वर्षं पेंढा बदलून कळत नाही. आमचे पाच ढीग झाले.

देठाकडून काळा-तपकिरी पडत खाली उतरलेला. सालीवर जागोजागी काळे, किंचित खोलगट डाग असलेला. वरून एकदम सुरेख पण आत बाठ्याभोवती पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस. सुरकुतून लोळागोळा झालेला, रंग न आलेला. आणि आत अळ्या वळवळणारा.

या पाचांची कारणं वेगवेगळी आणि इलाजही वेगवेगळे. म्हणून "अढी कशी लावायची" हा प्रश्न विचारून उत्तर मिळत नव्हतं. तुमचा कोणता ढीग मोठा ते आधी बघा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. पाचही एकदम सुधारायला जाऊ नका. आमचा सगळ्यात मोठा ढीग पहिला होता.

देठाकडून काळा पडतो

ही देठकूज. तिची बुरशी झाडाच्या सुकलेल्या काटक्यांवर वाढते, देठात शिरते आणि फळ कच्चं असेपर्यंत गुपचूप बसून राहते. फळ पिकायला लागलं की ती जागी होते. म्हणजे आपल्याला नासताना दिसते अढीत, पण तिने घर केलेलं असतं झाडावर. काळ्या खोलगट डागांचा करपा तसाच: मोहोराच्या आणि कोवळ्या फळाच्या दिवसांत दव किंवा अवकाळी पाऊस पडला की लागण होते, आणि ती फळ पिकेपर्यंत दिसत नाही.

आता आमची काढायची पद्धत ऐका. लांब काठीला आकडी, खालून हिसका, दोघांनी धरलेली चादर. चादरीत पडला तर नशीब, नाहीतर कातळावर आपटला. हिसक्याने देठ मुळातून उपटला जातो आणि तिथे उघडी जखम राहते. त्यातून चीक ओघळतो, सालीवर भाजल्यासारखे काळपट ओघळ उठतात आणि बुरशीला दार उघडं मिळतं. आपटलेल्या आंब्याबद्दल तर बोलायलाच नको. ढिगातले देठाकडून काळे आंबे बघितले तर जवळपास एकालाही देठ नव्हता. हे आधी कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

इलाज एकाच अवजाराचा निघाला: पातं असलेला झेला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला "नूतन झेला" आता कोकणात जवळपास सगळीकडे मिळतो. त्याच्या तोंडाशी पातं असतं, ते देठ कापतं आणि फळ खालच्या जाळीत अलगद बसतं. देठ बोटाच्या पेराएवढा तरी फळाला राहायला हवा. कापताना जाळीत एका वेळी दोन-तीन फळांपेक्षा जास्त घेऊ नका. वरच्याचा देठ खालच्याच्या सालीत रुततो. आम्ही पहिल्या वर्षी घाई केली आणि देठकूज कमी होऊन टोचल्याचे डाग वाढले.

उतरवलेला आंबा लगेच पाटीत कोंबायचा नाही. सावलीत, पेंढ्यावर किंवा गोणपाटावर देठ खाली करून थोडा वेळ ठेवायचा. चीक निथळून जातो. सालीला लागलाच तर साध्या पाण्याने धुऊन पुसायचा.

दुसरा इलाज गरम पाण्याचा. ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं आंबे बुडवून ठेवले की देठकूज आणि करपा दोन्ही बरेच आटोक्यात येतात. आमच्याकडे न्हाणीघरात जुना तांब्याचा हंडा आहे, त्यात करतो. यात "बोट घालून बघितलं, बरं वाटलं" चालत नाही, तापमापक लागतोच. पाणी जास्त तापलं तर साल भाजते. ताप बघायचा तापमापक इथे कुचकामी, तो ४२-४३ अंशांवर संपतो. स्वयंपाकघरात वापरायचा, सुई असलेला मिळतो तो घ्या. उतरवले त्याच दिवशी करायचं, बाहेर काढून गार होऊ द्यायचे, पूर्ण कोरडे करायचे, मगच अढीत. ओला आंबा अढीत गेला तर सगळ्या कष्टांवर पाणी. आणि कोवळ्या फळाला हा शेक देऊ नका, ते सहन होत नाही.

तिसरं काम मे महिन्यातलं नाहीच, म्हणून चाकरमान्यांकडून ते होत नाही. झाडावरच्या सुकलेल्या फांद्या, काटक्या, बांडगुळं काढून टाकायची. पन्नास-साठ वर्षांच्या झाडाच्या पोटात इतकं सुकं साठलेलं असतं की आतून वर बघितलं तर आभाळ दिसत नाही. बुरशीचं कोठार तेच. आम्ही पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत एक माणूस चढवून हे करून घेतो. फवारण्या आम्ही करत नाही. एवढ्या उंच झाडांना फवारायचं तर पंप, माणसं आणि वेळापत्रक सांभाळायला कायम गावात असणारं कुणीतरी हवं. ज्यांना जमतं त्यांनी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक पाळावं. करप्याला त्याचा फायदा नक्की होतो.

वरून सोनं, आत साका

हा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रकार. बाकीचे नासके आंबे निदान आधी सांगतात. साक्याचा आंबा रंगाने, वासाने, हाताला पहिल्या नंबरचा, पाहुण्यांसमोर कापावा आणि आत पांढुरका, बेचव गर निघावा. बाहेरून ओळखायची घरगुती युक्ती नाही. जो कुणी "मला ठोकून कळतं" म्हणतो त्याच्यासमोर दहा आंबे ठेवून बघा; आमच्या काकाची फजिती झाली आहे.

साका हा मुख्यतः हापूसचा दोष, आणि तो नवा नाही. १९३०च्या दशकापासून त्याच्या नोंदी आहेत. त्याच्या कारणांत दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, उष्णता. तापलेल्या जमिनीतून वर येणारी झळ फळाला लागते आणि बाठ्याजवळचा गर नीट पिकत नाही. आमचं परडं कातळाच्या कडेला आहे हे मी सुरुवातीला सांगितलं ते यासाठी. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. चार कलमांपैकी कातळाला लागून असलेल्या दोघांत साका जास्त निघायचा, तोही खालच्या फांद्यांवरच्या फळांत. आम्ही इतकी वर्षं ते "त्या झाडाची जातच तशी" म्हणून सोडून देत होतो.

दुसरं कारण बाठ्याशी जोडलेलं आहे. बंगळूरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या अभ्यासातून असं पुढे आलं की हापूसचा बाठा फळ झाडावर असतानाच उगवायच्या तयारीला लागतो आणि भोवतालच्या गराची घडी बिघडते. म्हणजे आंबा झाडावर जितका जास्त लांबवाल तितका साक्याचा धोका वाढतो. कोकणात बागायतदार "चौदा आणे" आंबा काढतात, सोळा आणे होईपर्यंत थांबत नाहीत, त्यामागचा व्यवहार इथे कळतो. आमच्या घरातली समजूत नेमकी उलटी: झाडावर जितका पिकेल तितका गोड. रायवळाला ते खरं आहे. हापूसला नाही.

मग आम्ही काय केलं? कातळाकडच्या दोन झाडांखाली जानेवारी संपता संपता सुकं गवत आणि पालापाचोळा जाड अंथरायला लागलो, झाडाचा घेर जिथवर तिथवर. वणव्याची भीती असते, म्हणून गडग्याच्या बाहेरचं गवत आधी काढून घेतो. काढणी सकाळी दहाच्या आत. काढलेल्या पाट्या क्षणभरही उन्हात नाहीत, कारण काढल्यानंतर लागलेली झळही साका वाढवते. पूर्वी आम्ही सगळा आंबा खळ्यात ओतून, फोटो काढून, मग जेवायला जायचो.

साका गेला नाही, पण कमी झाला. पूर्ण जाईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ज्यांना नवं कलम लावायचंच आहे त्यांच्यासाठी दापोलीने नीलम आणि हापूसच्या संकरातून "रत्ना" आणि पुढे रत्ना व हापूसच्या संकरातून "सिंधू" या जाती काढल्या, त्यांत साका होत नाही. पण आजोबांच्या कलमाच्या जागी रत्ना लावायला आमच्या अकरा नावांचं एकमत व्हायचं म्हणजे आणखी एक पिढी.

सुरकुततो, पिकत नाही

हा कोवळा आंबा. याचं कारण झाडात नाही, आमच्या रजेत आहे.

हापूसला मोहोर एकदम येत नाही. दोन-तीन टप्प्यांत येतो, त्यामुळे एकाच झाडावर एकाच दिवशी तयार आंबा, पंधरा दिवसांनी तयार होणारा आणि महिन्याने होणारा असे तिन्ही लटकलेले असतात. आम्हाला मात्र चारच दिवस. म्हणून झाड "झाडून" उतरवायचं. मग त्या तिन्ही वयांच्या आंब्यांची एकत्र अढी. तयार आंबा पिकून उतरतो, कोवळा तिथेच सुकतो आणि काकू त्याला आणखी आठ दिवस थांबते.

तयार आंबा ओळखायच्या खुणा जुन्याच आहेत. झाडाला पाड लागला, म्हणजे आपोआप पिकून एखाद-दुसरा आंबा खाली पडायला लागला, की पहिला टप्पा आला. फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले दिसतात आणि देठाशी खळगा पडतो. गर्द हिरवा रंग फिका होतो. शंका असेल तर बादलीत टाका: तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. ही बादलीची चाचणी पोरांना फार आवडते आणि ती खरोखर उपयोगी आहे. आम्ही आता प्रत्येक पाटी बादलीतून काढतो. तरंगलेले आंबे अढीत जातच नाहीत. त्यांचं लोणचं, मेथांबा, पन्हं. म्हणजे फुकट काहीच जात नाही, फक्त आंब्याला भलत्या जागी पाठवायचं नाही.

टप्प्याने काढायचं तर टप्प्याने यायला हवं. यावर घरात दोन वर्षं वाद झाले. शेवटी असं ठरलं: एक घर एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतं आणि पहिला टप्पा उतरवतं, बाकीचे मेच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या टप्प्याचा आंबा जो येईल त्याचा, यावरून थोडी कुरबुर असते. असू दे.

आत अळी

फळमाशी. मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, बाहेर सुईच्या टोकाएवढा ठिपका राहतो तो दिसला तर दिसला. अंड्यातून अळी निघून गर खाईपर्यंतचे दिवस आणि अढीचे दिवस साधारण सारखेच, म्हणून आंबा पिकला की अळीही तयार. वळवाचा एक-दोन सरींचा पाऊस झाला की तिचा जोर वाढतो. म्हणून मेअखेरीचा आंबा जास्त किडका. याच माशीपायी युरोपीय महासंघाने २०१४च्या मे महिन्यात भारतीय आंब्याची दारं बंद केली होती, ती २०१५च्या सुरुवातीला उघडली. निर्यातीच्या आंब्याला त्यासाठी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. घरच्या हंड्यात तासभर ४८ अंश धरून ठेवणं आपल्याच्याने होणार नाही, तो नाद सोडा.

घरी होण्यासारखं काम एकच, आणि ते कंटाळवाणं आहे: झाडाखाली पडलेला प्रत्येक आंबा रोज उचलायचा. अळी पडलेल्या फळातून बाहेर येते, मातीत शिरते आणि तिथून माशी होऊन पुन्हा झाडावर. आमच्या दोन रायवळांखाली पूर्वी आंब्यांचा सडा पडलेला असायचा आणि तो तसाच कुजायचा. म्हणजे हापूसला लागणारी माशी आम्हीच घरी पाळत होतो. आता पडलेले, किडके, नासके सगळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात टाकतो, मग खोल खड्ड्यात. उथळ पुरून उपयोग नाही. जोडीला मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतो; त्यात नर माश्या अडकतात. सापळ्यात मेलेल्या माश्यांचा थर बघून समाधान फार मिळतं, पण खाली सडा तसाच असेल तर त्या समाधानापलीकडे काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट शिमग्यामुळे जमली. शिमग्याला पालखीसाठी आम्ही गावी येतोच. त्या सुमारास हापूसची फळं गोटी ते अंड्याएवढी झालेली असतात. हाताला किंवा शिडीला लागणाऱ्या फळांना तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्या बांधतो, साधारण २५ बाय २० सेंटिमीटरच्या. पोरं दुपारभर पडवीत बसून खळीने पिशव्या चिकटवतात. पिशवीतल्या आंब्याला माशी टोचत नाही, डाग कमी पडतात, आणि साकाही कमी निघतो. झाडाच्या शेंड्यावर हे शक्य नाही हे उघड आहे. पण अढीत कोणता आंबा पिशवीतला ते बघताक्षणी ओळखू येतं, इतकी त्याची साल स्वच्छ असते.

आता अढी

एवढं सगळं झाल्यावर अढीबद्दल सांगण्यासारखं फार थोडं उरतं. पेंढा याच वर्षीचा, कोरडा, उन्हात टाकून घेतलेला. गेल्या वर्षीचा माळ्यावरचा पेंढा म्हणजे गेल्या वर्षीची बुरशी. खाली चार बोटं पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, मध्ये पेंढा, वर दुसरा थर, आणि बस. आम्ही पूर्वी गुडघाभर ढीग लावायचो, खालचे आंबे दबून फुटायचे. खोलीत वारा खेळता हवा, पण थेट पंखा नको. वरून गोणपाट टाकून कोंडमारा करू नका.

टप्पे वेगळे ठेवा. पायरी वेगळी ठेवा, ती आधी पिकते आणि पिकल्यावर टिकत नाही. तिचा रस त्याच दिवशी. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी हात फिरवायचा, रंग आलेला बाहेर काढायचा, मऊ-डागाळलेला ताबडतोब हलवायचा. अढी संथ वाटली तर दोन-चार पाडाचे आंबे किंवा पिकलेली केळी मध्ये ठेवा, त्यांच्यातून निघणारा वायू बाकीच्यांना पिकवतो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. तो मग बाहेर काढूनही धड पिकत नाही.

पुण्या-मुंबईला न्यायचा आंबा अर्धकच्चाच न्या. पूर्ण पिकलेला गाडीच्या डिकीत आठ तास म्हणजे घाटातच रस. आणि न्यायच्या पेटीतही देठ वर-खाली असा न लावता आडवा लावा.

झाडंच फार उंच झाली असतील तर

वरचं सगळं करूनही शेंड्यावरचा आंबा हाती लागत नाही, तो पडतोच. आणि झाडावर चढणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत, मजुरी दरवर्षी वाढते आहे. यावर मोठी छाटणी हा उपाय आहे. आम्ही एका कलमाची केली. पाऊस सरल्यावर मधल्या उभ्या फांद्या काढून झाडाचं पोट उघडं केलं आणि उंची उतरवली. कापलेल्या जागी लगेच बोर्डो मलम लावायचा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तो नाही लावला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, शिरतो आणि झाडच जातं. छाटलेल्या झाडाने पहिली दोन वर्षं जवळपास काही दिलं नाही. म्हणून एका वर्षी एकच झाड. सगळी एकदम छाटून बसाल तर घरात तुमचं नाव तीन वर्षं आंब्यासारखं कापलं जाईल.

एक वर्षाआड फळ धरणं हा हापूसचा स्वभाव आहे, तो दोष धरून त्याच्यामागे लागू नका. पावसाच्या सुरुवातीला झाडाला ५० किलो शेणखत घाला, जमलं तर माती तपासून रासायनिक खतही. मोहोर आणायचं कल्टार म्हाताऱ्या झाडांना आम्ही घालत नाही. ते माप आणि खतपाणी सांभाळणाऱ्यांचं काम आहे, सुट्टीपुरतं येणाऱ्यांचं नव्हे.

रायवळाचं काय

रायवळाची अढी लावणं आम्ही बंदच केलं. ते झाडावरच पिकू द्यायचे, पहाटे खाली पडलेले उचलायचे, दाबून बघून पोरांनी तिथेच चोखायचे, आणि जास्त झाले की बाठे काढून रस साठांना, म्हणजे उन्हात वाळवायच्या आंबापोळीला. फक्त एक: साठांना चार-पाच दिवसांचं कडक ऊन लागतं. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, पण वळीव त्याची वाट बघत नाही. २५ मेनंतर नवा रस पसरायला घेऊ नका. गेल्या वर्षी आमची शेवटची दोन ताटं सरीत सापडली. काकूने ती आत आणून पंख्याखाली ठेवली, आणि सकाळी उठून बघतो तर न्हाणीघरापासून माजघरापर्यंत मुंग्यांची सरळ रेघ.